रिकाम्या बाकांची चोरी

१

वरच्या मजल्यावरच्या शेवटच्या दोन वर्गांना कुलपं होती. कुलपं शाबूत होती, खिडक्यांचे गज जागच्या जागी होते, आणि आत एकही बाक नव्हतं. बसायची लांब बाकं नाहीत, त्यांच्यापुढची लिहायची डेस्कं नाहीत. फळ्यावर कुणीतरी काढलेलं मांजर तेवढं शिल्लक होतं.

"चोरांना मांजर आवडलं नसावं," मी म्हटलं.

कुणी हसलं नाही. माझ्या विनोदांना लोक एरवी भीतीने तरी हसतात, म्हणून मी मागे वळून पाहिलं. दारात चौघं उभी होती. मुख्याध्यापिका, म्हणजे सगळ्यांच्या मोठ्या बाई. ड्रिल मास्तर. गणित शिकवणाऱ्या बाई, ज्या वर्षावर्षाच्या करारावर होत्या. आणि शाळेचे शिपाई काका. या दोन्ही वर्गांच्या किल्ल्या काकांच्याच जुडग्यात होत्या, आणि ते जुडगं त्यांनी पुढे केलेल्या हातात धरून ठेवलं होतं, कधी एकदा माझ्या स्वाधीन करतो असं.

ऑफिसात मला कात्री म्हणतात. तोंडावर मॅडम, पाठ फिरली की कात्री. शिक्षण खात्यात बचत कक्ष नावाची एक खोली आहे. तिला खिडकी नाही. शाळांवरच्या सरकारी खर्चात कुठे काय वाचवता येईल हे शोधायचं, हे त्या खोलीतल्या लोकांचं काम, आणि त्यात माझा हात कुणी धरणार नाही. दिवे, नळ, खडू, पोस्ट, पदं, सगळं मी कापलेलं आहे. पण सुट्टीच्या दिवशी चोरीचा तपास करायची वेळ पहिल्यांदाच आली होती.

सकाळी मोठ्या बाईंनी खात्याला कळवलं की बाकं चोरीला गेली, आणि किल्ल्या काकांकडे होत्या. साहेबांनी मला पिटाळलं. "उद्या मोजणीचे लोक तिथे जाणार आहेत," ते म्हणाले. "त्याच्या आत मिटव. फाटक आतून बंद कर, किल्ली तुझ्याकडे ठेव, बाकं नाहीतर चोर हातात आल्याशिवाय कुणाला सोडू नकोस. पाच वाजेपर्यंत काहीच मिळालं नाही, तर किल्लीवाल्याचा निलंबनाचा आदेश तुझ्या पिशवीत टाकलाय. सही कर आणि ये."

काका महिनाअखेरीस निवृत्त होणार होते. निलंबित माणसाची पेन्शन अडकते, आणि आमच्या खात्यात अडकलेली गोष्ट सुटेपर्यंत माणूस सुटलेला असतो. हे मला माहीत होतं, मोठ्या बाईंना माहीत होतं, आणि काकांच्या चेहऱ्यावरून वाटत होतं की त्यांनाही माहीत आहे. तरी घाबरलेल्या चौघांत तेच सगळ्यात कमी घाबरलेले होते.

२

आधी मी शाळा पालथी घातली. प्रयोगशाळा, सामानाची खोली, गच्ची, जिन्याखालची जागा, स्वच्छतागृहं, काही सोडलं नाही. काका पुढे होऊन एकेक कुलूप उघडत होते आणि मी आत डोकावत होते. सापडल्या त्या दोन तुटक्या खुर्च्या, एक फुटका पृथ्वीगोल आणि भरपूर कोळी. चालू वर्गांतली बाकं तेवढी जागेवर होती.

फाटकासमोर सायकल दुरुस्तीवाला बसतो. गजांतून मी त्याला हाक मारली.

"काल शाळा सुटल्यावर टेम्पो-बिम्पो आला होता का हो?"

"ह्या शाळेत?" तो हसला. "इथे खडूचं खोकं यायचं झालं तरी आम्ही उठून बघतो, बाई. मी काल अंधार पडेपर्यंत इथंच होतो, आज उजाडल्यापासून इथंच आहे. रात्री दुकानातच झोपतो. काही आलं नाही, गेलं नाही."

मागची भिंत दोन पुरुष उंच आणि वर काचा. म्हणजे लाकडाचा एवढा पसारा कुलूप न तोडता खोलीतून निघाला आणि फाटकाबाहेर गेलाच नाही. आत होता, आणि आत कुठेच नव्हता.

फाटकाचं कुलूप पुन्हा एकदा ओढून बघताना पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की किल्ली माझ्याकडे असली तरी मीही आतच आहे.

जबाब घ्यायला मोठ्या बाईंनी तळमजल्यावरच्या हॉलमध्ये सोय केली होती. एका टोकाला दोन पायऱ्यांचं व्यासपीठ, त्यावर लाल जाजम, वरच्या पायरीवर टेबल आणि खुर्ची. मी खालीच खुर्ची ओढायला लागले, तर बाई आडव्या आल्या.

"छे, पाहुण्यांना खाली कसं बसवायचं? वर बसा."

मी वर बसले. एकेकाला बोलावलं. वर यायला मी प्रत्येकाला सांगितलं, पण प्रत्येकजण खालीच उभा राहिला. मान मोडेपर्यंत वाकून मी चौकशी करत होते. हा मान की शिक्षा, ते कळत नव्हतं.

पहिल्या आल्या मोठ्या बाई. पंचवीस वर्षं तीच शाळा, तीच खुर्ची. वाक्य बोलल्या की फळ्यावर लिहिल्यासारखं सरळ यायचं.

"तक्रार तुम्ही लिहिलीत?"

"हो."

"काकांवर तुमचा संशय आहे?"

त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. स्वच्छ होता, तरी पुसला. "किल्ली त्यांच्याकडे होती. मी तेवढंच लिहिलंय."

"तो माणूस महिनाभरात घरी जाणार होता, बाई. तुम्हाला माहीत आहे याचा अर्थ काय होतो ते."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या, आणि चष्मा परत पुसायला घेतला. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. खोटं बोलणारी माणसं मी भरपूर पाहिली आहेत. या बाई खोटं बोलत नव्हत्या, पण कुणीतरी त्यांच्याकडून पाठ करून घेतल्यासारखं त्या बोलत होत्या, आणि शाळेत त्यांच्याकडून पाठ करून घेईल असं कोण होतं?

३

ड्रिल मास्तर आडव्या अंगाचे, मोठ्या गळ्याचे. एक विचारलं की चार सांगायचे, आणि त्या चारांत एकही कामाचं नसायचं. शाळेच्या ढाली, त्यांचा गुडघा, खात्याने बंद केलेले खेळाचे पैसे. ते मीच बंद केले होते हे त्यांना माहीत असावं, कारण त्या वाक्याला त्यांनी आवाज थोडा चढवला.

"आता चेंडूसुद्धा आम्ही टाके घालून वापरतो, मॅडम. पण मुली काय खेळतात म्हणता. परवाच याच हॉलमध्ये सामना झाला. सातवीच्या पोरीने असा चेंडू फेकला, पार त्या भिंतीला जाऊन आपटला."

त्यांनी माझ्या पाठीमागच्या भिंतीकडे बोट केलं. आणि एकदम गप्प झाले. मास्तर गप्प होतात हे मला नवीनच होतं. घसा खाकरून ते म्हणाले, "बाकांचं मला काही माहीत नाही," आणि उत्तराची वाट न पाहता निघून गेले.

गणिताच्या बाई आल्या तेव्हा त्यांची नखं कुरतडून संपली होती. पोरगेल्या, हुशार, करार संपायला आला की रात्ररात्र झोप न लागणाऱ्यांपैकी. मी काही विचारायच्या आत त्यांनीच मला विचारलं.

"मॅडम, किल्ली ज्याच्याकडे, त्यालाच शिक्षा? त्याने काही केलेलं नसलं तरी? असं कुठे असतं?"

"आमच्याकडे असतं. सरकारी वस्तू हरवत नाही, बाई. ती कुणाच्या तरी गळ्यात पडते."

"पण हे कुणी सांगितलंच नव्हतं," त्या पुटपुटल्या.

"कुणाला सांगितलं नव्हतं?"

त्यांनी संपलेलं नख पुन्हा तोंडात घातलं.

शेवटी काका. हात मागे बांधून, पाठ ताठ.

"बाकं कुठे आहेत, काका?"

"नाहीत, मॅडम."

"विकलीत?"

"तसं लिहायचं असेल तर तसं लिहा. किल्ली माझ्याकडे होती, मी जबाबदार. सही कुठे करू?"

"कुणाला विकलीत? कशात घालून नेलीत? केवढ्याला दिलीत?"

काकांनी विचार केला. त्यांना खोटं सांगायचं होतं, पण त्याची सवय नव्हती. "मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात," ते शेवटी म्हणाले, "तुम्हीच काहीतरी बरं लिहा."

इतक्यात फाटकावर कुणीतरी कडी वाजवायला लागलं. मी उठले तसा काकांच्या चेहऱ्याचा रंग उडाला. निलंबनाला न घाबरलेला तो माणूस कडीच्या आवाजाला घाबरला.

"ती असेल," ते म्हणाले. "तिला काही सांगू नका."

४

फाटकाबाहेर काकांची बायको डबा घेऊन उभी होती. ठेंगणी, उन्हाने लाल झालेली, आणि बोलायला मुळीच न कचरणारी.

"माणसाला उपाशी का डांबलंय?"

"चौकशी चालू आहे."

"सायकलवाल्याने सांगितलं मला. चोरी म्हणे. अहो, त्यांच्या हातून घरातला चमचा हलत नाही, ते बाकं हलवणार? चोर सोडून संन्याशाला फाशी." डबा गजांतून आत येईना, तिने तो आडवा करून ढकलला. मग आवाज खाली आला. "बाई, पोरगी दोन लेकरं घेऊन माघारी आलीय. एका खोलीत आम्ही पाच जणं. त्यांची पेन्शन सुरू झाली की दुसरी खोली घेणार आहोत, बोलणं झालंय. एवढंच आहे आमचं. दुसरं काही नाही."

मी काहीतरी म्हणायचं म्हणून म्हटलं, "बघते."

"बघा. आणि त्यांना म्हणावं उजव्या हाताने जेवू नका. कालच तळहातात लाकडाच्या कपच्या भरून आले. अर्धा तास सुई घेऊन बसले होते मी. विचारलं तर म्हणे, जिना चढताना कठड्याला हात घासला."

शाळेचा कठडा लोखंडी आहे. सकाळपासून मी तो चारदा धरला होता.

डबा घेऊन मी हॉलकडे परत निघाले. काकांनी काल बाकं उचलली होती, हे आता नक्की. पण फाटकाबाहेर नेली नव्हती. आणि जुन्या शाळेची खरवडलेली, शाईने माखलेली बाकं घेणार कोण? जळणाच्या भावालाही महाग. चोरून कुणाचा फायदा होणार हे कळलं की चोर कळतो, पण इथे चोरून कुणाचाच फायदा नव्हता.

मग, हॉलच्या दारात, मला वाटलं की प्रश्न उलटा धरावा. बाकं मिळून कुणाचा फायदा नाही. बाकं नसून कुणाचा आहे?

आणि डबा हातात घेऊन मी तिथेच थांबले, कारण याचं उत्तर मला आमच्या बिनखिडकीच्या खोलीतूनच माहीत होतं.

५

दर वर्षी कुठल्या शाळा बंद करायच्या हे ठरवायला पूर्वी पटावरची मुलं मोजत. शाळा हुशार झाल्या. नसलेली मुलं कागदावर जन्माला यायला लागली. म्हणून आमच्या कक्षाने नियम बदलला. मोजणीचे लोक जाणार, समोरची डोकी मोजणार आणि समोरच्या बाकांवरच्या जागा मोजणार. तीन जागांपैकी दोन भरलेल्या असतील तर शाळा राहील. त्याहून कमी असतील तर शाळा बंद, आणि मुलं हमरस्त्यापलीकडच्या मोठ्या शाळेत. मुलं कागदावर वाढवता येतात, बाकं काही वाढवता येत नाहीत, असं साहेब मोठ्या कौतुकाने म्हणाले होते. बाकं कमी करता येतात, हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही. रिकामं बाक कुणी चोरेल असं बाकावर बसायचं सोडून दिलेल्या माणसांना कसं सुचणार?

गणिताच्या बाईंना सुचलं. अंश वाढत नसेल तर छेद कमी करायचा. म्हणूनच त्या म्हणाल्या, हे कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांना अपूर्णांक पक्का माहीत होता, किल्लीचा नियम माहीत नव्हता.

राहिला प्रश्न, बाकं कुठे आहेत. मी हॉलमध्ये पाहिलं. हॉल रिकामा. भिंती, पंखा, आणि माझं व्यासपीठ. फरशीवर चेंडूच्या मैदानाची पांढरी रेघ रंगवलेली. मी त्या रेघेवरून चालत निघाले. रेघ सरळ जात होती, जात होती, आणि लाल जाजमाखाली शिरत होती.

परवा मुलीने फेकलेला चेंडू मागच्या भिंतीला लागला होता. परवा तिथे व्यासपीठ नव्हतं.

मी खाली बसले आणि जाजमाचं टोक उचललं. पुढची पायरी म्हणजे एकाला एक चिकटवून लावलेली बसायची बाकं. मागची उंच पायरी म्हणजे डेस्कं. एका फळीवर करकटकाने कोरलेलं होतं, "इथे मी बसतो". काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, इथे तर मी कळशावरच खुर्ची टाकून बसले होते आणि कळसा कुणी नेला म्हणून माणसांना खडसावत होते. वर यायला सगळे का कचरत होते तेही कळलं. माझ्या एकटीच्या वजनाने ते कुरकुरत होतं. मास्तर चढले असते तर जबाब तिथेच संपला असता.

मला खूप हसू आलं, आणि हसू ओसरल्यावर पुढचा हिशोब दिसला. बाकं सापडली म्हणून सांगितलं, तर काका सुटणार आणि उद्या शाळा बंद होणार. सापडली नाहीत म्हटलं, तर शाळा राहणार आणि पाचला काकांच्या आदेशावर मी सही करणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मागे पाऊल वाजलं. चौघंही दारात उभी होती, आणि जाजमाचं टोक अजून माझ्या हातात होतं.

६

"कल्पना माझी," गणिताच्या बाई म्हणाल्या. "मला धरा."

"उचलली मी," मास्तर म्हणाले.

"सगळ्यांनीच उचलली, हात बघितले मी तुमचे," मी म्हटलं. वास्तविक एकट्या काकांच्या हाताबद्दलच ऐकलं होतं, पण मास्तरांनी लगेच हात खिशात घातले. "मला ते विचारायचंच नाही. मला हे सांगा, नुसतं लपवायचं होतं तर चोरीची तक्रार कशाला? मोजणीचे लोक आले असते, मोजून गेले असते. हात दाखवून अवलक्षण कुणी सांगितलं होतं?"

मी मोठ्या बाईंकडे वळले.

"खात्याकडे या शाळेच्या बाकांचा आकडा आहे. उद्या बाकं कमी भरली की ते विचारणार, बाकीची कुठे आहेत. चोरीला गेली असं कळवून ठेवलं की प्रश्न मिटला. हे गणित नाही, हे खातं आहे, आणि इथे खातं जाणणारी माणसं दोनच. तुम्ही आणि काका. तुम्हाला हेही माहीत होतं की चोरी म्हटली की काकांचा गळा जाणार. तरी तुम्ही लिहिलंत. तुम्ही दुष्ट नाही, बाई. सकाळपासून चष्म्याची काच झिजवताय तुम्ही. मग तुमच्याकडून लिहून कुणी घेतलं?"

मोठ्या बाईंचा चष्मा पुन्हा हातात आला होता. या वेळी त्यांनी तो पुसला नाही.

"काल सगळं झाल्यावर काका माझ्या घरी आले," त्या म्हणाल्या. "मी नाही म्हटलं. तासभर नाही म्हटलं. शेवटी ते म्हणाले, तुम्ही लिहिलं नाहीत तर मी स्वतः जाऊन सांगतो की मी चोरली. ते आणखी वाईट झालं असतं."

"काका," मी म्हटलं, "बाहेर तुमची बायको उभी आहे. दुसऱ्या खोलीचं बोलून ठेवलंय तिने. आणि तुम्ही लाकडासाठी पेन्शन घालवताय?"

"लाकडासाठी कशाला, मॅडम." ते पहिल्यांदाच थोडे रागावले. "मोजणी एका दिवसाची. मग बाकं इथेच आहेत. पोरं वाढली की एकेक वर न्यायचं. खालच्या वस्तीत नवीन घरं होताहेत, पुढल्या दोन वर्षांत पोरं येणार. तेव्हा बाकं लागतील की नाही? खातं देणार आहे का? माझी पेन्शन काय, उशिरा का होईना मिळेल. बाकं गेली तर गेलीच."

खातं देणार नाही हे मला त्या चौघांहून चांगलं ठाऊक होतं. नवीन बाकांची खरेदी मी स्वतः थांबवली होती.

साहेबांचा फोन आला. पाच वाजायला आले होते.

"चोर सापडला?"

मी व्यासपीठाकडे पाहिलं. मग बोलले, आणि बोलता बोलताच मला मार्ग दिसत गेला. "चोरी झालीच नाही, साहेब. शाळेने बचत केलीय."

"काय केलीय?"

"वापरात नसलेल्या सामानातून गरजेची वस्तू बनवायचा अधिकार मुख्याध्यापकांना आहे. आपलाच नियम, काटकसरीचा. यांनी रिकाम्या बाकांचं व्यासपीठ केलं. कळवायचं ते चुकीचं कळवलं, घाबरून. बाकं आहेत, पण बाकं म्हणून नाहीत."

पलीकडे साहेब बेरीज करत असावेत. "व्यासपीठ केवढ्याला पडतं गं, बाहेरून आणलं तर?"

"बरंच पडतं."

"मग अहवालात घाल. बचत म्हणून घाल." आणि थोडं थांबून, "पण कात्री, नियमात पक्कं काम म्हटलंय. उद्या आपले लोक जाजम उचलून बघतील. सुटी बाकं मांडलेली दिसली तर तुझ्यासकट सगळे घरी."

माझं टोपणनाव साहेबांना माहीत होतं, हे मला तेव्हा कळलं.

७

निलंबनाचा कागद मी फाडला. गणिताच्या बाई रडायला लागल्या, मास्तरांनी जिन्याखालून जुन्या कपाटाच्या फळ्या काढून आणल्या, खिळ्यांचा डबा आणला, हातोडी आणली. बाकांवर आडव्या फळ्या ठोकायच्या, पायांना पाय जखडायचे, म्हणजे काम पक्कं. सुंठीवाचून खोकला गेला असं मला वाटत होतं. मग मी काकांकडे पाहिलं.

"ठोकायचं म्हणजे कायमचं?" ते म्हणाले.

"कायमचं."

"खिळे उपसता येतील."

"बाकं मागितलीत किंवा वर दिसली, तर व्यासपीठ कशाचं होतं हे पहिल्यांदा विचारतील. नाही, काका."

"मग एक वर्ग तरी सोडा."

गणिताच्या बाईंनी डोळे पुसले. हिशोब त्यांना पाठच होता. "काका, एक बाकसुद्धा सोडता येत नाही," त्या हळूच म्हणाल्या. "एक सोडलं तरी आपण दोन-तृतीयांशाच्या खाली जातो."

"आणि पोरं वाढली तर?" हे त्यांनी मला विचारलं. मला त्यांना फसवायचं नव्हतं. वाढली तर खाली बसतील, मी म्हटलं. जेवढी शाळा आज आहे, तेवढीच राहील. कापता येत नाही आणि वाढता येत नाही. एवढंच मला जमलं.

काका हॉलच्या मध्यभागी जाऊन उभे राहिले. "तो कागद फाडला तो पुन्हा लिहा, मॅडम," ते म्हणाले. "मी सही करतो. हे नको."

ते मनापासून म्हणत होते. आणि कबूल करते, क्षणभर मला वाटलं की त्यांचं ऐकावं. त्यांचा निर्णय, त्यांची पेन्शन. मी अजून विचार करत होते, तेवढ्यात मोठ्या बाई वाकल्या आणि त्यांनी हातोडी उचलली.

"काल तुमचं ऐकलं," त्या म्हणाल्या. "आज सकाळपासून मला माझं तोंड बघवत नाही. आज ऐकायची नाही."

त्या गुडघ्यावर बसल्या, फळीवर खिळा धरला आणि ठोकला. पहिला घाव बोटावर बसला. दुसरा बाजूला गेला. तिसऱ्याला खिळा वाकला. त्यांनी दुसरा खिळा घेतला, तोही वाकला. तिसरा खिळा धरला तेव्हा बोटातून रक्त येत होतं. काकांना ते बघवलं नाही. रक्त की वाकडा खिळा, देव जाणे.

"असं नाही, बाई," ते म्हणाले, आणि त्यांनी हातोडी काढून घेतली. "फळी दाबून धरा."

मोठ्या बाईंनी फळी दाबून धरली. काकांनी एका घावात खिळा उभा केला, दुसऱ्यात आत घातला. मग पुढचा. ते रडत होते आणि हात चालवत होते, आणि एकही खिळा वाकला नाही. "इथे मी बसतो" असं कोरलेली फळी त्यांनी उलटी करून लावली.

मी फाटक उघडायला गेले. काकांची बायको अजून तिथेच, सायकलवाल्याच्या पेटीवर बसलेली. मी सांगितलं, चोरी झाली नव्हती, काका सुटले, पेन्शन महिनाअखेरीस सुरू. तिने माझे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत. ते धरून घ्यायची मला लाज वाटत होती. आतून ठोकण्याचे आवाज येत होते.

"काय चाललंय आत?"

"व्यासपीठ होतंय, मुलांच्या कार्यक्रमाला."

"बरं झालं," ती म्हणाली. मग शाळेच्या वरच्या, बंद खिडक्यांकडे पाहत तिने साधंच विचारलं, "आणि बघणारी पोरं बसणार कशावर?"